रस्ते खराब आहेत, म्हणून

विश्रांतीच्या दिवशी पहाटे साडेपाचलाच जाग आली. सायकलच्या सहलीत हे असंच होतं. निघायचं असतं त्या दिवशी गजराला शिव्या घालत उठावं लागतं, आणि कुठंच जायचं नसतं त्या दिवशी पाय आपले आपण जागे होतात. पांघरुणातच ते ताणून बघितले. डाव्या पोटरीत गोळा, उजव्या गुडघ्यात सुई, आणि बुडाबद्दल चारचौघांत न बोललेलं बरं. खिडकीबाहेर हॉल्टव्हिसल नावाचं गाव बारीक पावसात भिजत होतं. आपण ब्रिटनच्या बरोब्बर मध्यावर आहोत असा या गावाचा दावा आहे. असेल किंवा नसेल, आमच्या सहलीच्या मध्यावर मात्र ते आलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि धाकटी. ती सतरा वर्षं न्यूकॅसलला असते. या सतरा वर्षांत तिनं मला किती वेळा "ये गं" म्हटलं याची मोजदाद नाही, आणि मी न जाण्याची किती कारणं दिली याचीही. बँकेतलं ऑडिट, मुलाची बारावी, सासूबाईंचा मोतीबिंदू, मार्चअखेर, मग करोना. सगळी कारणं खरी होती, हे आधीच सांगून ठेवते. शेवटी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुढचं कारण सुचायच्या आत धाकटीनं तिकीट पाठवलं. वर फोनवर म्हणाली, "घरात बसून चहा पिणार नाही आपण. सायकलनं जायचं. हेड्रियनच्या भिंतीकडेनं."

आयरिश समुद्रावरच्या रेव्हनग्लासपासून निघायचं आणि पार पलीकडे, उत्तर समुद्रावरच्या साउथ शील्ड्सला पोचायचं. वाटेवर ७२ आकड्याच्या निळ्या पाट्या असतात, त्या धरून चालवत राहायचं. एकूण १७४ मैल, म्हणजे साधारण २८० किलोमीटर. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं म्हणजे वारा पाठीशी राहतो असं सगळे सांगतात. आम्हाला तीन दिवसांत तो एकदाच पाठीशी मिळाला, तोही आम्ही सँडविच खायला थांबलो होतो तेव्हा. धाकटीकडे बॅटरीची सायकल, माझ्याकडे साधी. चढावर ती बसल्या बसल्या मागं वळून "गिअर बदल की ताई" म्हणायची. सख्ख्या बहिणीबद्दल मनात काय काय येऊ शकतं हे मला त्या चढांवर कळलं.

तर तो विश्रांतीचा दिवस. न्याहारीला ती म्हणाली, "आज आराम. फक्त विंडोलांडाला जाऊन येऊ की जरा." कोल्हापूरकर माणूस "फक्त" आणि "जरा" हे दोन शब्द एका वाक्यात घालतो तेव्हा सावध व्हावं. मी झाले नाही.

तिकडे जाणाऱ्या बसचा नंबर आहे एडी १२२. इसवी सन १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियननं ही भिंत बांधायला घेतली, म्हणून बसलाही तोच आकडा दिलाय. समुद्रापासून समुद्रापर्यंत ८० रोमन मैल, आपले ११७ किलोमीटर. दर मैलाला एक छोटी गढी आणि दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज. बस त्या बाजूनं वर चढू लागली आणि मी पॅडल न मारता एक चढ चढले. विश्रांती म्हणतात ती एवढीच वाट्याला आली.

विंडोलांडा भिंतीवर नाही, भिंतीच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर आहे. भिंतीहून जुनंही आहे. इथं इसवी सन ८५ च्या सुमारास रोमन सैन्याचं पहिलं ठाणं उभं राहिलं ते लाकडी आणि मातीचं. ते पाडून दुसरं, त्यावर तिसरं, असं करत एकावर एक नऊ ठाणी झाली. आज वर दिसतात ते दगडी चौथरे सगळ्यांत शेवटचे. पहिल्या नजरेला काही खास वाटत नाही. गुडघाभर उंचीच्या भिंती, मध्ये कापलेलं गवत, गटाराच्या फरशा, दूरवर मेंढ्या. आपल्याकडचे गड बघितलेल्या माणसाला तर "एवढंच?" असं वाटतं. मला वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू पन्हाळा मी स्वतः बांधलाय.

पण इथली खरी चीज वर नाहीच. ती खाली आहे, चार-पाच मीटर खोल, काळ्या चिखलात. नवं ठाणं बांधताना रोमन लोक जुन्यावर माती आणि गवताच्या ढेपांचा जाड थर टाकत. त्याखाली पाणी साचून राहिलं आणि हवा कोंडली गेली. हवा नाही म्हणजे कुजवणारे जंतू नाहीत. त्यामुळे एरवी दोन-चार वर्षांत मातीत जाणाऱ्या वस्तू तिथं एकोणीसशे वर्षं टिकल्या. लाकूड, कातडं, कापड, जमिनीवर अंथरलेलं गवतसुद्धा. आम्ही गेलो तेव्हा एका चरात काम चालू होतं. पिवळे रेनकोट घातलेले आठ-दहा स्वयंसेवक गुडघे टेकून बसलेले, बहुतेक साठीच्या पुढचे, हातात लहान थापी, बाजूला एकचाकी गाडे. पैसे भरून हे लोक पंधरा-पंधरा दिवस चिखल उपसायला येतात. आमच्या बँकेतल्या निवृत्त मंडळींना मी हे सांगितलं तर माझी तब्येत कशी आहे म्हणून विचारतील.

खाली ओढ्याकाठी एक बंगला आहे, त्यात संग्रहालय. एरिक बर्ली नावाच्या अभ्यासकानं १९२९ मध्ये हा बंगला जमिनीसकट विकत घेतला. पुढे त्याच्या मुलानं, रॉबिननं, खणायला घेतलं आणि आता नातू खणतोय. तीन पिढ्या एकाच चिखलात. १९७३ मध्ये रॉबिन बर्लीला एका चरात लाकडाचे दोन पातळ कपचे एकमेकांना चिकटलेले सापडले. रंधा मारताना निघतात तसले. उकलून बघितले तर आत शाईची बारीक अक्षरं. आणि बघता बघता, हवा लागल्यावर, ती अक्षरं पुसट होत गेली. पुढे न्यूकॅसल विद्यापीठात अवरक्त किरणांनी त्यांचे फोटो काढले तेव्हा ती परत दिसली. तेव्हापासून अशा शेकड्यांनी पाट्या निघाल्यात. जाडी एक ते तीन मिलिमीटर, आकार पोस्टकार्डाएवढा. मजकूर लिहून झाला की पाटी मधोमध दुमडायची आणि बाहेरच्या बाजूला पत्ता घालायचा.

"इनलँड लेटर," मी म्हटलं.

"अगदी," धाकटी म्हणाली. तिनं आयुष्यात चार-पाचच इनलँड लेटरं बघितली असतील. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि त्या नऊ वर्षांत टपाल संपलं.

मूळ पाट्यांपैकी बऱ्याचशा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतात. थोड्या इथं मंद उजेडातल्या काचपेटीत ठेवल्यात. काळपट कपचे, त्यावर मुंग्या चालून गेल्यासारख्या रेघा. हे लॅटिन आहे म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवायचा. पण भाषांतरं लावलीत आणि माझा विश्रांतीचा दिवस त्या भाषांतरांपाशी संपला. पाय दुखतायत हेसुद्धा मी विसरले.

सगळ्यांत आधी मला सापडलं ते मस्टर. हो, मस्टरच. तुंग्रियन पलटणीच्या पहिल्या तुकडीचा १८ मे रोजीचा हजेरीपट. एकूण माणसं ७५२. पैकी गैरहजर ४५६. त्यातले ३३७ जवळच्या कोरियाला, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला. ४६ गव्हर्नरच्या दिमतीला. बाकीचे असेच इकडंतिकडं. हजर २९६. त्यात आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. हे ३१ वजा जाता कामाला उपलब्ध २६५.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. कागदावर ७५२ आणि काउंटरवर २६५ हे गणित मला कुणी समजावून सांगायला नको. साहेबाच्या बंगल्यावर कामाला ४६, ट्रेनिंगला, डेप्युटेशनला, आणि उरलेल्यांतले दहा डोळे आले म्हणून घरी. रोमन साम्राज्य म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गरुडाची निशाणं आणि चकाकती शिरस्त्राणं यायची. आता डोळे चोळत रांगेला बसलेले दहा जण येतात. डोळे येणं हा रोग हिशेबात वेगळा दाखवावा इतका नेहमीचा होता, म्हणजे झोपायच्या खोल्यांतला धूर, एकच पंचा आणि एकमेकांना लागण हे सगळं त्या एका ओळीत आलं. हा तक्ता लिहिणारा कारकून कोण होता माहीत नाही, पण बेरीज त्याची चोख आहे. मी जागच्या जागी करून बघितली.

मग बाकीची पाटीपत्रं. मास्क्लुस नावाचा एक जण वरिष्ठाला लिहितो की उद्या आम्ही काय करायचं ते कळवा, आणि जाता जाता, माझ्या माणसांकडची बिअर संपलीय, तेवढी पाठवायला सांगा. कुणी तरी कुणाला तरी मोजे, दोन जोड चपला आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं कळवतो. रोमन सैनिकाला या हवेत मोजे लागायचे ही बातमी इथल्या लोकांना भारी आवडलीय. एका चिठोऱ्यात स्थानिक लोकांच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल टिपण आहे आणि त्यांना "ब्रिटुंकुली" म्हटलंय. तुच्छतेनं लावलेलं लघुत्वदर्शक रूप. इंग्रजी भाषांतरात त्याचं लांबण लावलंय. मराठीत एका शब्दात होतं.

"ब्रिटुकले," मी म्हटलं.

धाकटी एवढ्या मोठ्यानं हसली की दारापाशी बसलेल्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. तिला काही आम्ही समजावून सांगितलं नाही. सतरा वर्षं या देशात नोकरी करताना तिच्या नावाचं काय काय झालंय ते मला ठाऊक आहे. हसू दे म्हटलं.

आणि ऑक्टेव्हियस. हा बहुधा पुरवठ्याचा धंदा करणारा. कँडिडस नावाच्या माणसाला त्यानं लांबलचक पत्र लिहिलंय. धान्य घेऊन ठेवलंय, तू पैसे पाठवले नाहीस तर माझे इसाराचे तीनशेच्या आसपास दिनार बुडतील आणि माझी लाज जाईल, ५०० तरी पाठव. शिवाय कातडी आणायचीयत, ती कॅटेरिकला पडून आहेत. मीच जाऊन आणली असती, पण रस्ते खराब आहेत, उगाच जनावरांना इजा कशाला.

रस्ते खराब आहेत! ज्यांच्या रस्त्यांची तारीफ दोन हजार वर्षं जग करतंय, त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच सैन्याला माल पुरवणारा माणूस म्हणतो रस्ते खराब आहेत. आणि त्याचं पत्र जिथं सापडलं त्या विंडोलांडाच्या दाराशी तर सरळ हमरस्ता जात होता. स्टेनगेट म्हणतात त्याला. आमचा सायकलमार्ग आज त्याच रेषेवरून जातो. त्या रस्त्यावरचा रोमन मैलाचा दगड अजून जागच्या जागी उभा आहे, संग्रहालयाच्या पलीकडे, ओढ्याजवळ. मी जाऊन त्याला हात लावून आले. माझ्या छातीपेक्षा उंच, गोल, शेवाळलेला, एखाद्या पडक्या देवळाचा खांब उरावा तसा. अक्षर एकही शिल्लक नाही. रोमन मैल म्हणजे हजार पावलं, पण त्यांचं पाऊल म्हणजे डावं-उजवं मिळून एक. त्यांचा मैल दीड किलोमीटरला थोडा कमी भरतो. आमच्या तीन दिवसांच्या अंतराला मी मनात त्यानं भागून बघितलं, तेव्हा आकडा जरा सन्मानाचा आला.

ऑक्टेव्हियसचं कारण खरं होतं की नाही? मला वाटतं, होतं. पावसाळी हवेत या भागातले कच्चे रस्ते काय होतात ते मी आदल्या दिवशी मांडीपर्यंत उडालेल्या चिखलावरून सांगू शकते. पण पत्र वाचताना त्याचा सूर ओळखीचा वाटत राहिला. "मीच आलो असतो, पण." असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला निघायचं नसतं इतकंच. धाकटी शेजारी उभी राहून तेच वाचत होती. ती काही बोलली नाही, मीही दुसऱ्या काचेकडे वळले.

तिथं ते आमंत्रण होतं. म्हणजे त्याचा फोटो आणि मजकूर. क्लॉडिया सेव्हेरा ही एका ठाण्याच्या सरदाराची, एलियस ब्रॉकसची बायको. सल्पिशिया लेपिदिना ही विंडोलांडाच्या सरदाराची, फ्लेव्हियस सेरियालिसची. त्याची पलटण बटाव्हियन, म्हणजे आजच्या हॉलंडमधली, ऱ्हाईनच्या मुखाकडची माणसं. साल साधारण १००. भिंत अजून वीसेक वर्षं लांब होती. सेव्हेरा लेपिदिनाला लिहिते की ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस तर तो दिवस मला जास्त आनंदाचा जाईल. तुमच्या सेरियालिसना नमस्कार सांग. आमचे एलियस आणि आमचं बाळ तुम्हाला नमस्कार सांगतायत.

हे सगळं कारकुनानं लिहिलंय, सफाईदार सराईत अक्षरात. त्याखाली, उजव्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत, दुसरं अक्षर आहे. अडखळतं, सवय नसलेलं. ते सेव्हेराचं स्वतःचं. वाट बघते गं ताई. सुखी राहा, माझ्या जिवा. एवढंच. लॅटिनमध्ये बाईच्या हातचं लिखाण म्हणून जे काही जगात सापडलंय, त्यातल्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. "ताई" मी घातलेलं नाही. ती "सोरोर" म्हणते, म्हणजे बहीण. संस्कृतातला "स्वसृ" आणि हा "सोरोर" एकाच मुळाचे. आणि त्या सख्ख्या बहिणी नव्हत्याच. परमुलखात, ढगाळ माळावर, पुरुषांच्या छावणीत राहणाऱ्या दोन बायका एकमेकींना ताई म्हणत होत्या, आपल्याकडे शेजारणी म्हणतात तशा.

१९९३ साली मला नोकरी लागली आणि पहिलं पोस्टिंग मिळालं नांदेडला. दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून निळं इनलँड यायचं. मजकूर सगळा वडिलांचा. चि. हिस अनेक आशीर्वाद, पत्र लिहिण्यास कारण की. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. हवापाणी, पंचगंगेची पातळी, कुणाचं लग्न ठरलं, आयकराचा फॉर्म भरलास का. आणि सगळ्यात शेवटी, चिकटवायच्या पट्टीच्या अलीकडं बोटभर जागा उरायची, तिथं आई लिहायची. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती शिरोरेषा द्यायची नाही, त्यामुळे तिची अक्षरं एकमेकांचा हात सोडून उभी असल्यासारखी दिसायची. "जेवत जा. सुटी मिळाली की ये." प्रत्येक पत्रात हेच. वडिलांची पानभर बातमी मी एकदा वाचायचे. ती बोटभर पट्टी पुन्हा पुन्हा.

त्यातलं एकही पत्र आज माझ्याकडे नाही. बदल्यांत गेली. ट्रंकेला वाळवी लागली, मी ती तशीच जाळायला दिली. सेव्हेराचं पत्रही जाळायलाच दिलं होतं. १०५ च्या सुमारास सेरियालिसच्या पलटणीला दुसरीकडं कूच करायचा हुकूम आला. निघताना त्यांनी दप्तरातली रद्दी पेटवली, आणि ती पुरती जळायच्या आत पाऊस आला असावा, असा अंदाज आहे. अर्धवट जळक्या पाट्या तशाच भिजत पडल्या आणि पुढच्या पलटणीनं त्यावर माती टाकून बांधकाम सुरू केलं.

मी हे सगळं धाकटीला सांगितलं, आईच्या पट्टीचं. तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुला पत्रं आली. मला मिस्ड कॉल." आई असेपर्यंत रोज रात्री भारतातल्या साडेनऊला एक रिंग देऊन फोन ठेवून द्यायची. म्हणजे आम्ही जेवलो, तू काय करतेस.

लेपिदिना त्या वाढदिवसाला गेली का, ते कुठल्याच पाटीवर नाही. सेव्हेराचं आणखी एक पत्र मात्र आहे. त्यात ती लिहिते की तुला शब्द दिल्याप्रमाणे तुझ्याकडे येण्याबद्दल मी ब्रॉकसला विचारलं, तो म्हणाला की तुला केव्हाही परवानगी आहे, जमेल तशी जा. वाचून मी आणि धाकटीनं एकमेकींकडे बघितलं. "ह्यांना विचारून सांगते." एकोणीसशे वर्षं झाली तरी वाक्य बदललेलं नाही.

चपलांची कपाटं मात्र बघायलाच हवीत. हजारो जोड निघालेत इथं, जोड म्हणजे बहुतेक एकेकटेच. खिळे ठोकलेले सैनिकी बूट, बायकांच्या नाजूक चपला, तळहातावर मावेल असं बाळाचं पायताण. एक तर उंची चप्पल आहे, बोटात अडकवायची, तळव्यावर कारागिराच्या नावाचा ठसा. सरदाराच्या घरात सापडली, म्हणून ती लेपिदिनाची असावी असं म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला कातड्याची चप्पल दिसली की तो आधी टाके बघतो. चांगले होते.

आणखी एका हिशेबाच्या पाटीपाशी थांबले. एका सैनिकाच्या नावापुढं लिहिलंय, मिरी, दोन दिनार. मिरी! एक साधा शिपाई, ब्रिटनच्या टोकाला, थंडीपावसात मलबारची मिरी विकत घेत होता. ती मिरी मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजांतून तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवर नाईल, मग भूमध्य समुद्र, अशी इथवर यायची. मिरी मलबारची असली तरी त्या व्यापाराच्या वाटेवर आमचीही गावं होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात चौल, सोपारा, कल्याण ही बंदरं आहेत, आणि घाटावरचं पैठण आणि तेरही. शिवाय कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात एक लहानसा काशाचा माणूस उभा आहे. दाढीवाला, उघडा. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्याकडे बघून खुसखुसायचो. तो समुद्रदेव पोसायडन, रोमन बनावटीचा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडला. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. म्हणजे त्यांचा देव आमच्या नदीवर आणि आमच्याकडची मिरी त्यांच्या कालवणात. एवढ्या लांबचा माल ये-जा करत होता आणि मी सतरा वर्षं व्हिसाच्या फीचं कारण देत होते.

दुपारी ऊन पडलं. "आता चालत वर भिंतीवर जाऊ की जरा," धाकटी म्हणाली. पुन्हा "जरा". स्टील रिगपासून हाउसस्टेड्सच्या किल्ल्यापर्यंत पाचेक किलोमीटर, आणि तेही कड्याच्या दातांवरून वर-खाली. चढताना मांड्यांनी जाहीर निषेध नोंदवला. पण खरं सांगायचं तर भिंत तिथं शोभते. काळ्या कड्याच्या धारेवरून ती अशी वळणं घेत जाते की लहानपणी पाटीवर ओढलेली डोंगराची रेघ आठवावी. त्यात हेड्रियनची किती आणि नंतरची किती हा प्रश्न वेगळा. अठराव्या शतकात या भागात सैन्यासाठी रस्ता केला तेव्हा भिंतीचे दगड मैलोन्मैल खाली खडी म्हणून घातले. शेतकऱ्यांनी गोठे बांधले. एकोणिसाव्या शतकात न्यूकॅसलच्या जॉन क्लेटननं जमिनी विकत घेऊन उरलेली भिंत वाचवली, आणि पडलेले दगड पुन्हा रचूनही घेतले. आपण ज्याचे फोटो काढतो ती पुष्कळशी त्याच्या गवंड्यांची.

वाटेत दोन टेकाडांमधली ती खाच लागली. तिथलं प्रसिद्ध सायकमोरचं झाड २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रात्रीतून दोघांनी कापलं. बुंधा उरलाय, त्याच्या कडेनं कोवळे फुटवे आलेत. माणसं तिथं येऊन आवाज खाली करून बोलत होती. दोन पावलांवरच्या भिंतीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हाउसस्टेड्सला मी फक्त संडास बघितला. आठशे शिपायांचा किल्ला, आणि संडास बांधलाय सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात, म्हणजे वरचं पावसाचं पाणी आपोआप तिकडं वाहून यावं. दोन्ही बाजूंना खोल चर, त्यावर लाकडी फळ्या असणार, भोकं पाडलेल्या. मधल्या फरशीत पाण्याची बारीक पन्हळ, हातातल्या काडीचा स्पंज बुचकळायला. आडोसा नाही. चर अजून असा नेटका आहे की एक बादली पाणी सोडलं तर चालू होईल. मी कट्ट्यावर बसले आणि बूट काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते. तीन दिवस सायकल चालवून जे झालं नाही ते विश्रांतीनं केलं.

रात्री हॉल्टव्हिसलला परतल्यावर एका खाणावळीत बटाट्याचं सूप घेतलं. मी त्यावर मिरी पेरली. धाकटीनं माझ्या हातातली डबी घेतली आणि तिच्या सुपावर दुप्पट पेरली.

"दोन दिनार झाले," मी म्हटलं.

ती हसली, मग चमच्याशी खेळत म्हणाली, "नोव्हेंबरात परत ये. माझी पंचेचाळिशी आहे. पार्टीबिर्टी नाही. तू ये फक्त."

मी सूप ढवळलं. नोव्हेंबरात दिवाळी. मुलाचं नव्या घराचं बघायचंय. सासूबाईंचा दुसरा डोळा.

"नोव्हेंबरात ना," मी म्हटलं, "रस्ते खराब असतात गं."

तिनं चुरगळलेला टिश्यू माझ्या तोंडावर फेकला. मग ताटं बाजूला सारून नकाशा पसरला. उद्या सकाळी त्या मैलाच्या दगडावरूनच जायचं होतं, आणि त्याच्या आधी बार्डन मिलचा चढ. तिनं चढावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं माझी सायकल तू घे. मी तुझी चालवते."

बॅटरी किती उरलीय ते मी आधी विचारून घेतलं.